परक्याच्या सुखाचे साक्षीदार



‘जावे त्याच्या वंशा, तेव्हा कळे’ अशी आपल्या भाषेत एक जुनी म्हण आहे. ज्याचे दुःख त्यालाच ठाऊक. त्याच्या कुळात जन्म घेतल्याशिवाय ते उमजायचे नाही, असा तिचा आशय. म्हण अनुभवाची आहे, खोटी नाही. परंतु ती शब्दशः खरी मानली तर कादंबरी हा सारा वाङ्मयप्रकारच निरर्थक ठरेल. कारण ज्या वंशात आपण जन्मलो नाही, त्या वंशात घटकाभर राहता येते, एवढेच तर कादंबरी आपल्याला सांगत असते. मग खरे काय? परक्याची कथा वाचून परका कळतो, की तो कळल्याचे समाधान तेवढे आपल्या पदरी पडते?

हा प्रश्न आज मांडण्याचे कारण असे की, गेल्या दहा-बारा वर्षांत इंग्रजीतील दोन प्रकारच्या पुस्तकांत फार मोठा पालट झाला आहे. एक प्रकार किशोरवयीनांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांचा, दुसरा प्रेमकादंबऱ्यांचा. पूर्वी ज्या माणसांना या पुस्तकांत दाराबाहेर उभे केले जाई, ती आता त्यांत नायक-नायिका होऊन आली आहेत: कृष्णवर्णीय, स्थलांतरित, आशियाई वंशाची, आजारी, अपंग, स्वमग्न. आपल्या शहरांतील इंग्रजी शाळा-महाविद्यालयांत शिकणारी मुलेमुली ही पुस्तके आवडीने वाचतात आणि आईवडील चिंतेने त्यांची मुखपृष्ठे न्याहाळतात. त्या चिंतेला ‘वाचू द्या’ किंवा ‘वाचू देऊ नका’ असे एका शब्दाचे उत्तर देता येईल, असे मला वाटत नाही. यांतील काही पुस्तके वाचून माझे जे मत झाले, ते आपल्यापुढे ठेवतो; आपण ते तपासून पाहावे.

मागणी कोठून आली?

ही केवळ अलीकडची लाट आहे, असा एक समज दिसतो. वस्तुतः ही तक्रार जुनी आहे. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या अमेरिकन लेखिकेने मुलांच्या पुस्तकांतील जग सगळे गोऱ्यांचेच कसे आहे, हे एका गाजलेल्या लेखात दाखवून दिले. लेखाच्या आरंभी न्यूयॉर्कच्या एका बालवाडीतील पाच वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी येते. पुस्तकात नेहमी गोरीच मुले का असतात, असे ती विचारते. वीस वर्षांनी, १९८५ साली, विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालसाहित्य केंद्राने मोजदाद केली. त्या वर्षी अमेरिकेत मुलांची सुमारे २,५०० पुस्तके निघाली होती आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती अवघी १८.

१९९० साली रूडीन सिम्स बिशप या विदुषीने या प्रश्नाला एक प्रतिमा दिली आणि ती आजही वापरात आहे. त्या म्हणाल्या की पुस्तक कधी खिडकी असते, कधी आरसा. खिडकीतून दुसऱ्याचे जग दिसते, आरशात आपले. ज्या मुलांना कधीच आरसा मिळत नाही, ती आपल्या नगण्यपणाचा धडा नकळत गिरवतात. आणि ज्यांना आरशाखेरीज काहीच मिळत नाही, त्यांच्या मनात आपणच जगाचे केंद्र आहोत, अशी घातक समजूत वाढते. पुढे २०१४ च्या मार्च महिन्यात वॉल्टर डीन मायर्स या ज्येष्ठ लेखकाने, मृत्यूच्या अवघे काही महिने आधी, हाच प्रश्न वृत्तपत्रातून पुन्हा विचारला. त्याच वर्षी ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ ही चळवळ उभी राहिली. आज आपण वाचतो ती पुस्तके त्या मागणीची फळे आहेत.

वाचकहो, आरसा नसणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती माणूस आठवून पाहा. बहुतेक वेळा त्याच्या हाती मद्याचा पेला असे, तोंडी मोडकी हिंदी असे आणि त्याच्या बहिणीच्या अंगात झगा असे. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधील अँथनी मनाने कितीही उमदा असला, तरी धंदा त्याचा दारूच्या गुत्त्याचाच. आणि ज्याचे आडनाव गायकवाड किंवा साळवे आहे, जो घरी मराठी बोलतो, भाकरी खातो आणि रविवारी उपासनेला जातो, असा मराठी ख्रिस्ती माणूस तर पडद्यावर शोधूनच काढावा लागेल. वाकडा आरसा आणि आरशाचा अभाव, दोन्ही आपण अनुभवले आहेत. तेव्हा परक्या देशातील एखाद्या समाजाने ‘आम्हालाही पुस्तकात जागा द्या’ म्हटले, तर ती फॅशन आहे असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला नाही.

दुःखाची कथा

या पुस्तकांत सर्वांत गाजलेले म्हणजे अँजी थॉमस यांचे ‘द हेट यू गिव्ह’. २००९ च्या पहिल्याच दिवशी कॅलिफोर्नियात ऑस्कर ग्रँट या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला. त्या घटनेने अस्वस्थ होऊन विद्यार्थिदशेतील या लेखिकेने एक कथा लिहिली. तीच वाढत जाऊन २०१७ साली कादंबरी झाली. सोळा वर्षांची स्टार गरीब कृष्णवर्णीय वस्तीत राहते आणि दूरच्या श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या शाळेत शिकते. घरची स्टार वेगळी, शाळेतली वेगळी. एका रात्री तिचा बालमित्र खलील तिच्या डोळ्यांदेखत पोलिसाच्या गोळीला बळी पडतो आणि तिला ठरवावे लागते की, बोलायचे की गप्प राहायचे.

या पुस्तकाचे मोठेपण पोलिसांच्या जुलमाचे वर्णन करण्यात नाही. ते वर्तमानपत्रेही करतात. लेखिकेने खलीलला निष्कलंक केले नाही, यात ते आहे. तो अमली पदार्थ विकत होता. वृत्तवाहिन्यांना एवढे पुरते; मेलेला मुलगा ‘तसला’ होता, असे कळले की लोकांचा शोक ओसरतो. आईने करून ठेवलेले देणे फेडण्यासाठी तो त्या धंद्यात उतरला होता, हे वाचकाला पुढे समजते. पण ते समजण्याआधीच्या पानांवर वाचकाची खरी परीक्षा झालेली असते. आपली करुणा केवळ निरपराध्यांसाठी राखीव आहे काय? चांगल्या चालचलणुकीचा दाखला पाहिल्यावरच आपण कोणासाठी रडणार काय? हा प्रश्न त्या देशापुरता नाही, त्या वंशापुरताही नाही.

तरीही हे पुस्तक मिटताना माझ्या मनात एक शंका उरली. अशी दुःखाची पुस्तके वाचताना आपल्याला हळहळ वाटते आणि ती हळहळ गोड असते. दुःखितासाठी डोळे ओले झाले की आपण भले आहोत, असा निर्वाळा मन आपल्याला देऊन टाकते. दया करणारा नेहमी उंचावर असतो आणि जिच्यावर दया करायची ती व्यक्ती खाली. परक्याचे दुःख कितीही पाने वाचले, तरी ही उंची कमी होतेच असे नाही. उलट कधीकधी ती वाढते. प्रकाशकांनाही हे उमगलेले आहे. म्हणूनच कित्येक वर्षे कृष्णवर्णीय मुलांना पुस्तकात प्रवेश मिळाला तो बहुधा गुलामगिरीच्या किंवा नागरी हक्कांच्या लढ्याच्या कथेत. त्यांनी सोसावे, आपण पाहावे, असा जणू करारच होता.

आपल्या उंबरठ्यावरची कथा

दुसरे पुस्तक आपल्याला अधिक जवळचे आणि म्हणून अधिक अवघड आहे. एलिझाबेथ असेवेडो यांची ‘द पोएट एक्स’ ही २०१८ ची कादंबरी मुक्तछंदातील कवितांतून सांगितलेली आहे. तिला त्याच वर्षी अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणाऱ्या डॉमिनिकन कुटुंबातील पंधरा वर्षांची झिओमारा ही तिची नायिका. आई कट्टर धार्मिक. तरुणपणी तिला मठवासिनी व्हायचे होते, पण लग्न करावे लागले. आता ती कचेऱ्यांची झाडलोट करते आणि मुलीला दृढीकरणाच्या वर्गाला पाठवते. मुलीच्या मनात मात्र देवाविषयी, देहाविषयी, स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या दोषाविषयी प्रश्न आहेत. ते ती एका वहीत कवितेच्या रूपात लिहिते. मुलीची एका मुलाशी मैत्री असल्याचे कळताच आई तिला तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावते. पुढे वही सापडते, तेव्हा ती जाळते.

२०२० साली उत्तर कॅरोलायनातील एका शाळेने हे पुस्तक अभ्यासाला लावले, तेव्हा ते ख्रिस्ती श्रद्धेच्या विरोधी आहे, असे म्हणून तेथील काही पालक न्यायालयात गेले. न्यायालयाने ते शिकवणे थांबविण्यास नकार दिला. त्या पालकांचे दुखणे मला समजते. आपल्या श्रद्धेचे असे रूप पाहणे कोणालाही सुखाचे नाही. परंतु पुस्तक शेवटपर्यंत वाचले तर दिसते की, त्यातील सर्वांत समंजस माणसांपैकी एक म्हणजे धर्मगुरू फादर शॉन. मुलीची अद्याप तयारी नाही, तिच्यावर सक्ती नको, असे ते आईला सांगतात आणि पुढे मायलेकींना समोरासमोर बसवून बोलते करतात. प्रश्न विचारल्याने श्रद्धा मरत नाही. वही जाळल्याने मात्र मूल दुरावते. हे पुस्तक श्रद्धेच्या विरुद्ध साक्ष देत नाही; भीतीपोटी केलेल्या सक्तीविरुद्ध देते. आपल्यातील किती घरांत अशी एखादी वही दडलेली असेल?

एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. पुस्तकाचा बराच भाग आई केवळ मुलीच्या नजरेतून दिसते. मोडलेल्या स्वप्नाचे ओझे घेऊन परक्या देशात फरशा पुसणाऱ्या त्या स्त्रीच्या अंतरंगात आणखी थोडे उतरायला हवे होते. किशोरांसाठीच्या पुष्कळ पुस्तकांत हा दोष आहे. त्यांत वडीलधारे एक तर अडथळा असतात, नाही तर आधार. त्यांना स्वतःची कथा क्वचितच असते.

सुखाची कथा

आता त्या प्रकाराकडे वळू, ज्याचे नाव घेताना सुशिक्षित माणूस थोडा ओशाळतो: प्रेमकादंबरी. हिचा एक अलिखित नियम असतो. वाटेत काहीही घडो, शेवट सुखाचा व्हायचा. समीक्षक या नियमाला हसतात. मला मात्र वाटते की, आपल्या प्रश्नाचे उत्तर याच हसण्यावारी नेलेल्या नियमात आहे.

सुखी शेवटाचा हक्क कोणाला होता, ते पाहा. कॅलिफोर्नियातील कल्व्हर सिटी येथे दोन बहिणींनी २०१६ साली केवळ प्रेमकादंबऱ्या विकणारे ‘द रिप्ड बॉडिस’ हे दुकान काढले. गौरेतर ग्राहकांना त्यांच्यासारख्या माणसांची पुस्तके देता येईनात, म्हणून त्यांनी मोजणी सुरू केली. २०१६ साली प्रमुख प्रकाशकांच्या शंभर प्रेमकादंबऱ्यांमागे गौरेतर लेखकांच्या आठही भरत नव्हत्या. या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा ‘रीटा’ पुरस्कार कृष्णवर्णीय लेखिकांना प्रथम मिळाला तो २०१९ साली, केनेडी रायन आणि एम. मलोन यांना. दुःखाच्या पुस्तकात ज्यांना जागा होती, त्यांना सुखाच्या पुस्तकात नव्हती.

संध्या मेनन यांची ‘व्हेन डिंपल मेट ऋषी’ ही २०१७ ची कादंबरी घ्या. लेखिकेचे बालपण भारतात गेले. अमेरिकेत वाढलेली डिंपल शाह संगणकाच्या शिबिराला जाते. मधुमेही वडिलांना औषधाची आठवण करून देणारे काहीतरी तिला घडवायचे आहे. आईवडिलांनी परस्पर ठरवलेला ऋषी पटेल तेथे येऊन थट्टेने तिला भावी पत्नी म्हणून हाक मारतो आणि ती हातातली थंड कॉफी त्याच्या अंगावर फेकते. कथा हलकीफुलकी आहे. तिच्यातील श्रीमंत, दुष्ट मुले अगदी पुठ्ठ्याची वाटतात. तरी एक गोष्ट तिने साधली आहे. आईवडिलांनी सुचवलेले लग्न पाश्चात्त्य पुस्तकात बहुधा तुरुंग म्हणून येते. येथे ते एक विचारात घेण्याजोगी सूचना म्हणून येते, नाकारता येण्याजोगी आणि स्वीकारताही येण्याजोगी. भारतीय मुलगी येथे कोणाच्या दयेचा विषय नाही. ती हसते, चिडते, चुकते आणि शेवटी सुखी होते.

टालिया हिबर्ट या इंग्रज लेखिकेची ‘गेट अ लाइफ, क्लोई ब्राउन’ (२०१९) याहून पुढे जाते. तिच्या कृष्णवर्णीय नायिकेला फायब्रोमायल्जिया हा सतत वेदना देणारा दीर्घ आजार आहे. जुन्या कादंबऱ्यांत आजारी नायिकेला दोनच वाटा असत: एक तर तिने अखेरच्या पानावर प्राण सोडावा, नाही तर प्रेमाच्या चमत्काराने बरे व्हावे. क्लोई मरतही नाही आणि बरीही होत नाही. वेदना राहते आणि सुखही येते. हेलेन होआंग यांच्या ‘द किस कोशंट’मधील (२०१८) स्टेला स्वमग्न आहे आणि शेवटपर्यंत तशीच राहते, तिच्यावर प्रेम करणारा तिला दुरुस्त करायला निघत नाही. लेखिकेला स्वतःच्या स्वमग्नतेचे निदान २०१६ साली, प्रौढ वयात झाले होते. स्टेलाचे बारकावे त्यामुळे खरे उतरले आहेत.

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की, ही शेवटची दोन पुस्तके प्रौढांसाठी आहेत. त्यांत शरीरसंबंधांची उघड वर्णने आहेत आणि ‘द किस कोशंट’चा आरंभ तर पैसे देऊन विकत घेतलेल्या सहवासापासून होतो. ती शाळकरी मुलांच्या हाती देण्याजोगी नाहीत, आणि ज्यांना अशी वर्णने नकोत अशा प्रौढांनी ती बाजूला ठेवली तर त्यांना संकुचित म्हणण्याचे कारण नाही. पण वर्णनाला हरकत घेणे वेगळे आणि आजारी किंवा स्वमग्न स्त्रीला प्रेमकथेची नायिका होण्याचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न वेगळा. पहिल्याच्या आडून दुसरा टाळू नये.

कारण तो टाळण्याकडेच आपला कल असतो. अपंग माणसासाठी आपण वर्गणी देतो. त्याच्या लग्नाची गोष्ट निघाली की मात्र आपले चेहरे बदलतात. गरीब विधवेला मदत करतो. तिने पुन्हा संसार मांडला की कुजबुजतो. दुःखात सहभागी होणे सोपे आहे, कारण त्यात आपले स्थान हलत नाही. परक्याने आपल्याइतकेच सुखी व्हावे, असे मनापासून वाटण्यासाठी त्याला आपल्या बरोबरीचा मानावे लागते.

लिहिण्याचा अधिकार कोणाचा?

मग ही पुस्तके लिहावीत कोणी? २०१५ साली कॉरिन डायव्हिस या लेखिकेने ‘ओन व्हॉइसेस’ अशी खूण सुचविली: ज्या समाजाची कथा, त्याच समाजाचा लेखक. हेतू चांगला होता. पण खुणेची लवकरच चौकी झाली. २०१९ च्या जानेवारीत अमेली वेन जाओ यांची पहिली कादंबरी ‘ब्लड हेअर’ प्रकाशनापूर्वीच झालेल्या टीकेमुळे मागे घेतली गेली आणि फेरफार होऊन नोव्हेंबरात निघाली. २०२० साली बेकी अल्बर्टाली या लेखिकेला, आपल्याला असे लिहिण्याचा अधिकार आहे हे सिद्ध करण्यासाठी, स्वतःच्या आयुष्यातील अत्यंत खाजगी बाब जगापुढे उघड करावी लागली. अखेर २०२१ साली ‘वी नीड डायव्हर्स बुक्स’ने ती खूण वापरणेच सोडून दिले.

या वादात आपल्या परंपरेला सांगण्याजोगे काही आहे. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली बाबा पदमनजी यांनी लिहिली. विषय होता हिंदू विधवांची दुःस्थिती. लेखक पुरुष होता आणि तीनच वर्षांपूर्वी ख्रिस्ती झालेला. वंशाचा दाखला मागितला असता, तर मराठी कादंबरीचा जन्म लांबणीवर पडला असता. पण गोष्टीला दुसरी बाजूही आहे. १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि स्त्रीने स्वतः सांगितलेले काय असते, ते महाराष्ट्राला कळले. लक्ष्मीबाईंनी दारिद्र्य, ताटातूट, धर्मांतराचा हलकल्लोळ हे सारे सोसले. परंतु त्यांचे पुस्तक आपण पुन्हा पुन्हा वाचतो ते त्यातील हशासाठी. दुःख बाहेरचा माणूसही कळवळ्याने लिहू शकतो. त्या दुःखाच्या पोटातले हसू टिपायला बहुधा आतलेच माणूस लागते. म्हणून मला वाटते, दुसऱ्याविषयी लिहिण्याची मनाई कोणालाच नसावी. पण आतल्या माणसाला फडताळावर जागा मिळेपर्यंत न्याय झाला, असेही कोणी म्हणू नये.

आणि सर्वच नवी पुस्तके चांगली आहेत, असे नाही. काहींत पात्राच्या गळ्यात त्याच्या वेगळेपणाची पाटी अडकवलेली असते आणि पाटीमागे माणूस नसतो. काहींत वंचित नायक कधी चुकतच नाही. ज्याला चुकण्याची मुभा नाही, तोही पुरता माणूस नव्हे. अशी पुस्तके शुद्ध हेतूने लिहिलेली असली तरी फसलेली आहेत आणि तसे म्हणण्यात कोणाचा द्वेष नाही.

वाचकाची कसोटी

तेव्हा आईवडिलांनी मुखपृष्ठ पाहून निर्णय करण्याऐवजी पुस्तक स्वतः वाचावे आणि मग मुलाशी बोलावे. विचारण्याजोगे प्रश्न थोडे आहेत. या पुस्तकातील परक्याला केवळ दुःखच दिले आहे, की हसू, राग, चूक आणि आशाही? पुस्तक मिटल्यावर मला त्याची कीव आली, की त्याचे बरे व्हावे असे वाटले? आणि तसाच माणूस उद्या शेजारी राहायला आला, आपल्या घरात सून किंवा जावई म्हणून आला, तर पुस्तकातले ते वाटणे टिकेल काय?

रोमकरांस लिहिताना पौलाने दोन गोष्टी जोडीने सांगितल्या आहेत: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करणे आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करणे. आपण दुसरी अधिक पाळतो. आजाऱ्याला भेटतो, अंत्यविधीला जातो. पौलाने आनंद आधी लिहिला आहे. त्या क्रमामागे त्याचा काही विशेष हेतू होता की नाही, हे पंडित ठरवोत. वाचक म्हणून मला तो क्रम योग्य वाटतो. जो आपल्या वंशातला नाही, त्याच्या सुखी शेवटापर्यंत त्याच्याबरोबर चालत जाणे आणि शेवटच्या पानावर मनात किंतु न ठेवता ‘बरे झाले’ म्हणणे, एवढे ज्या पुस्तकाने आपल्याकडून करून घेतले, ते वाचण्यात गेलेला वेळ वाया गेला नाही.